स्टाफचे चार दात

सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दातांची लॅब होती. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट येतात. इथे तीन खोल्या होत्या, एक प्लास्टरची, एक मेणाची, एक घासण्याची, आणि तिन्हींवर एकच पांढरी धूळ. शहरातले पाच-सहा दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं इथे पाठवत आणि आठवड्याभराने तयार कवळ्या घेऊन जात. पेशंटला वाटे, कवळी डॉक्टरांनी केली. तो गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत कुठलाही डॉक्टर पडत नसे.

मेणाच्या खोलीत बसणाऱ्या कारागिराला सगळे मेणबुवा म्हणत. बावीस वर्षं तेच स्टूल, तीच खिडकी, तोच स्पिरिटचा दिवा. गुलाबी मेणाच्या कमानीत एकेक दात खोचायचा, दिव्यावर गरम केलेल्या सुरीने मेण सारखं करायचं, लांब धरून बघायचं, पुन्हा काढून खोचायचा. बोलणं बेताचं. कुणी चेष्टा केली तर हसणंही बेताचं.

मेणबुवा ही बाई होती. हे तिला सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं आणि सत्तेचाळीस पुरी झाली तरी तिने ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. जन्मदाखल्यावर मुलगा, शाळेत मुलगा, लॅबमध्ये बुवा. जग तिला तो म्हणे आणि ती ओ देई. इथे तिला ती म्हटलं आहे. कुणाला अडखळायला झालं तर थोडा धीर धरावा, सवय होते.

याचं तिला दुःख होतं असं म्हणावं, तर तसंही नाही. दुःखाला काहीतरी धार असते. अंगाखाली हात दाबून झोपलं की जाग आल्यावर तो हात आपला वाटत नाही, दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. तशी ती सकाळी स्वतःला उचलून लॅबमध्ये नेऊन ठेवी आणि संध्याकाळी उचलून घरी आणी. घरी तिची थोरली बहीण होती. ताई एका शाळेच्या कचेरीत कारकून होती, नवरा गेल्यावर इकडे राहायला आली होती आणि दोन खोल्यांत चार माणसांचं बोलणं एकटी बोलत होती. त्यामुळे घरात कुणी गप्प आहे हे कुणाच्या लक्षात येत नसे.

अधूनमधून ती काहीतरी करून बघे. नखांना बिनरंगाचं पॉलिश लावलं होतं एकदा. पण कवळीचं गुलाबी प्लास्टिक ज्या द्रावात कालवतात, त्याने दुपारपर्यंत ते उतरून गेलं. एकदा दुकानातून बायकांची घडीची छत्री आणली, गडद जांभळी. प्लास्टरवाला म्हणाला, "बुवा, छत्री कुणाची उचलून आणलीत?" ती म्हणाली, "ताईची." झालं. तिच्याकडे काहीही सापडलं असतं तरी ते ताईचंच निघालं असतं. छत्री ताईच वापरू लागली. बुवाला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, खरं सांगायचं तर.

आता तिच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डॉक्टरकडून माप येतं तेव्हा सोबत एक चिठ्ठी असते. नाव, वय, दातांचा रंग, आणि छापलेले दोन शब्द, पुरुष आणि स्त्री, त्यातल्या एकाभोवती गोल. त्या गोलावर कारागीर दात निवडतो. दात तयार मिळतात, एका पट्टीवर मेणात खोचलेले सहा-सहा. पुरुषाला चौकोनी घ्यायचे, कोपरे टोकदार, खालची कड सरळ. बाईला गोलसर कोपऱ्यांचे, पुढचे दोन जरा मोठे, बाजूचे दोन नाजूक आणि किंचित आत वळवलेले. हे शिकवतातच तसं. जन्मतः तोंडात येणाऱ्या दातांना हा नियम कुणी सांगितलेला नसतो. बायकांना फावड्यासारखे दात असतात आणि पैलवानांना तांदळासारखे. पण खोटे दात करताना माणसं नियमाने वागतात, खऱ्याच्या बाबतीत निसर्ग ऐकत नाही त्याची कसर भरून काढतात. बुवाने बावीस वर्षांत हजारो तोंडं त्या गोलाप्रमाणे मांडली. तिचा हात इतका बसला होता की ओठ नसलेल्या, गाल नसलेल्या नुसत्या मेणाकडे बघून प्लास्टरवाला सांगे, "ही शिक्षिका आहे. हा दुकानदार. ही सासू."

मग ती जिन्यात पडली.

वीस किलोचं प्लास्टरचं पोतं खांद्यावर घेऊन वर येताना पाय अडकला आणि तोंड पायरीच्या कडेवर आपटलं. वरचे पुढचे दोन दात जागेवर तुटले, बाजूचे दोन इतके हलले की डॉक्टरांना काढावे लागले. ती पडली तेव्हा तिने आधी पोतं फुटलं नाही ना ते पाहिलं. मग दात वेचून खिशात ठेवले आणि वर येऊन म्हणाली, "जिना पुसून घ्या, रक्त आहे." प्लास्टरवाला नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होता की बुवा माणूस नव्हे, दगड आहे.

हिरड्या भरून यायला दोन महिने लागतात. ते दोन महिने ती तोंडावर हात धरून बोलली. ताईच्या बोलण्याला ऊत आला.

"दातांच्या कारखान्यात जन्म गेला आणि स्वतःचं तोंड बोळकं. लोकांना सांगू कशी मी?"

"कुणाला सांगायचंय?"

"कचेरीत विचारतात ना. भाऊ काय करतो? दात करतो. मग त्यांनी तुला बघितलं तर?"

"मग म्हण, सगळे विकले."

ताई हसता हसता ठसकली. तिला पाणी दिलं, पाठीवर थापटलं, आणि बुवा भांडी घासायला उठली. विनोद करणं तिला जमत असे. त्याला काही वाटावं लागत नाही.

हिरड्या भरल्यावर ती माप द्यायला तिच्या डॉक्टरांकडे गेली. तिचे म्हणजे, तिच्या लॅबला सगळ्यात आधीपासून काम देणारे, सत्तरीचे म्हातारे डॉक्टर. तिचा हात ओळखणारे. माप घेऊन झालं, त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक तिच्या पुढ्यात सरकवलं आणि हात धुवायला गेले. "तूच भर. तुला माझ्याहून जास्त कळतं."

तिने कार्बन नीट बसवला. नावाच्या जागी लिहिलं, स्टाफ. वय सत्तेचाळीस. रंग तिला पाठ होता. मग पुरुष आणि स्त्री या दोन शब्दांवर पेन थांबलं, तेही फार नाही, एरवी शाई उतरेना म्हणून थांबतं तेवढंच. आणि तिने स्त्रीभोवती गोल काढला. असल्या वेळी काय काय होतं ते तिने ऐकलं होतं, त्यातलं काही झालं नाही. बाहेर कुणीतरी मासिकाचं पान उलटलं. वरची प्रत तिने फाडून घेतली, खालची पुस्तकात राहिली.

लॅबमध्ये एक रीत होती. लॅबमधल्या माणसाने स्वतःचे दात स्वतः मांडायचे नाहीत, दुसऱ्याने मांडायचे. आरसा माणसाला नीट दाखवत नाही, असं मालक म्हणत. पण दात मांडणारी ती एकटीच, तेव्हा रीत तिच्यापाशी आली की आपोआप मोडत होती.

तिने पट्ट्यांचा खण उघडला आणि गोलसर कोपऱ्यांची एक पट्टी काढली. फार नाजूक नाही. सत्तेचाळिशीच्या, रोज कामाला जाणाऱ्या, फारसं न हसणाऱ्या बाईची. अशा बाईचे दात काय असतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने शेकडो केले होते. पुढचे दोन बसवले, बाजूचे दोन केसभर आत वळवले. एका बाजूच्याची कड जराशी झिजवली, कारण या वयाला थोडी झीज हवीच, नाहीतर दात उसने दिसतात.

प्लास्टरवाला चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला. "ही कोण?"

"एक बाई आहे."

"ते दिसतंय. पण चांगली आहे हं. स्वभावाने म्हणतो मी. तोंड उघडून ओरडत नसेल घरात." त्याने कप टेबलावर टेकवला. "नवरा सुखी असेल."

"नवरा नाही."

"मग ती सुखी असेल," तो म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

मेणाचे दात साच्यात गेले, मेण वितळून निघून गेलं, त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजलं. घासून, चकाकी काढून चार दातांची ती छोटी कवळी तिने बेसिनच्या आरशासमोर तोंडात बसवली. टक करून बसली. ती बघत राहिली असं नाही. मालक हात धुवायला मागे उभे होते, ती बाजूला झाली.

तीन आठवडे ती ते दात लावून फिरली. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. बसमध्ये, फळवाल्याकडे, वीजबिलाच्या रांगेत. आणि लोकांना काहीतरी दिसत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. फळवाला म्हणाला, "चष्मा बदलला का?" तिला चष्माच नव्हता. शेजारच्या काकूंनी विचारलं, तब्येत उतरली की काय. मालक म्हणाले, "बुवा, केस कापलेत वाटतं, बरं केलंत." सगळे तोंडाच्या आसपास हिंडून परत जात. बसमध्ये एका अनोळखी बाईने तिला खिडकीजवळची जागा दिली आणि शेजारी जराही न सरकता, पिशवी मध्ये न ठेवता बसली. त्याचा अर्थ काही असेल किंवा नसेल. बायकांना विचारा, अशी जागा कुणाशेजारी देतात ते.

ताईने मात्र तोंडच पाहिलं. रात्रीची भाजी निवडताना म्हणाली, "हसलास की कोण दुसरंच हसतंय असं वाटतं."

"वाईट दिसतं?"

"नाही. बरं दिसतं. तुझ्यापेक्षा बरं." मग जरा वेळाने, देठ मोडत, "आपली आत्या असं हसायची."

बुवाने निवडलेली भाजी धुवायला नेली. पण त्या दिवसापासून तिची जीभ त्या कोपऱ्यांवरून फिरू लागली, एक, दोन, तीन, चार, आणि परत. हातातून, पायातून, नावातून काहीच परत आलं नव्हतं, सगळं होतं तसंच बधिर होतं. फक्त जीभ लागे तेवढ्या जागेत ती जागी असे. चार दात म्हणजे काही फार नाही. पण आख्ख्या अंगात तिच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं आणि ते प्लास्टिकचं होतं.

चौथ्या आठवड्यात डावीकडे हिरडी टोचू लागली. नव्या कवळीचं होतं असं. कुठेतरी दाब येतो, तिथे आतून जरा घासून द्यावं लागतं. दाब नेमका कुठे आहे ते स्वतःच्या तोंडात स्वतःला दिसत नाही, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, तोंडात पाहिलं आणि भुवया वर गेल्या.

"हे कुणाचे?"

"माझे," तोंड उघडं ठेवून म्हणता आलं तेवढं ती म्हणाली.

त्यांनी कवळी काढली, फिरवून पाहिली, परत बसवली. नखाने हलवून बघितलं. "बसलेत तर अगदी चपखल. म्हणजे मापाच्या ट्रेची अदलाबदल नाही." मग पुन्हा काढली आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक मागवून कार्बनची प्रत शोधली. चष्मा कपाळावर चढवून वाचली. आणि हसायला लागले.

"अरे देवा. बुवा, गोल चुकलाय तुझा. हे बघ, स्त्री. आणि मग पुढे हात आपोआप चालला, बाई म्हटलं की बाई. स्वतःचं तोंड आहे हेसुद्धा आठवलं नाही तुला." त्यांना खरोखर कौतुक वाटत होतं. "याला म्हणतात कारागीर. चिठ्ठी म्हणेल तसं."

ती खुर्चीत आडवी होती, गळ्याशी कागदाचा रुमाल, तोंडात पुढे चार दातांची मोकळी जागा. तिने मान हलवली नाही. ना होय, ना नाही.

"काळजी करू नकोस. नवीन करत बसायला नको. कोपरे सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम. कड जरा खाली सपाट केली की झाला पुरुष. बावीस वर्षं माझ्या मापातल्या चुका तू गुपचूप निस्तरल्यास, मला काय ठाऊक नाही? आज तुझी एक मी निस्तरतो. लॅबमध्ये कुणाला कळायला नको."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

तो आवाज तिने रोज आठ तास ऐकलेला. पहिल्या दाताचा कोपरा त्यावर धरला गेला आणि पांढरा बारीक भुगा डॉक्टरांच्या बोटांवर पडला. ती बघत होती. मनात एकच शब्द होता, होऊ दे. हा तिचा जुना शब्द. शाळेत केस कापायला नेलं तेव्हा, मुलांच्या रांगेत उभं केलं तेव्हा, मुली दाखवायला आणल्या आणि ताईने नावं ठेवून ठेवून परत पाठवल्या तेव्हा, दर वेळी होऊ दे. फार सोयीचा शब्द आहे. माणूस त्यावर सत्तेचाळीस वर्षं काढू शकतो.

पहिला दात संपला. डॉक्टरांनी फुंकर मारली, लांब धरून पाहिला, दुसरा दात मशीनखाली आणला.

तिचा हात वर गेला आणि डॉक्टरांच्या मनगटावर बसला. घट्ट नाही. जसा एखादा आपल्या टेबलावरचा दिवा सरळ करतो तसा.

मशीन थांबलं. "दुखतंय? पण तोंडात तर काहीच नाही माझं."

तिने तळहात पुढे केला. पुढच्या दातांशिवाय तिला धड बोलता येत नसे आणि हे धड बोलायचं होतं. डॉक्टरांनी कवळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती बसवली, तीन गोल आणि एक चौकोनी, आणि म्हणाली, "डॉक्टर, गोल बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे?"

"चिठ्ठीवरचा. विचार करून काढलाय. दातही."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग पुस्तकाकडे. मग चष्मा कपाळावरून काढून कोटाला पुसू लागले, जो आधीच धुळीने भरलेला होता, त्यामुळे चष्मा आणखीच मळला. खोलीत पाण्याची बारीक नळी थुंकायच्या भांड्यात वाहत होती.

"हे तू मला कशाला सांगतोयस?" शेवटी ते म्हणाले. चिडून नाही. खरंच कळेना म्हणून.

"तुम्ही घासत होता म्हणून."

"नसतं घासलं तर?"

"तर नसतं सांगितलं."

डॉक्टरांनी मान डोलावली, हे उत्तर त्यांना पटण्यासारखं होतं. "ताईला?"

"नाही."

"लॅबमध्ये?"

"मेणात सगळ्यांनी पाहिलेत. कुणी विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं," डॉक्टर म्हणाले. "मी आपलं मशीन घेऊन निघालो." त्यांनी चष्मा घातला, काही दिसेना म्हणून काढला. "बरं. मग आता मी काय करायचं? मला असल्यातलं काही कळत नाही, आधीच सांगतो."

"काही नाही. बाकीचे तीन राहू द्यात."

"आणि हा एक? कोपरा तर गेला. नवीन दात लावून घे."

"तीन दिवस जातील. प्लास्टरवाला विचारेल कसा तुटला."

डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मशीनचा दांडा तिच्या पुढ्यात धरला. "मला तुझ्यासारखं गोल जमत नाही. कधीच जमलं नाही. कर तूच."

ती खुर्चीत उठून बसली. कागदाचा रुमाल गळ्यात तसाच. कवळी काढून तिने दिव्यापुढे धरली आणि त्या एका दातावर काम सुरू केलं. सपाट केलेली कड पुन्हा वळवायची म्हणजे दात आणखी थोडा कमी करणं आलं, दुसरा उपाय नव्हता. डॉक्टर वाकून दिवा धरून उभे राहिले.

"आतून जरा आणखी."

"दिसतंय मला."

"नाही, आपलं सांगितलं."

"तुमची सावली पडतेय."

डॉक्टर बाजूला सरकले. तिने जबडा किंचित पुढे काढून भुगा फुंकला. शेवटी दात झाला, पण शेजारच्या जोडीदारापेक्षा नखाच्या कडेएवढा आखूड. रबराच्या चाकावर तिने चकाकी काढली, कवळी पाण्याखाली धरली, बसवली. डॉक्टरांनी हाताचा आरसा पुढे केला.

तिने पाहिलं. एक दात आखूड असलेली, सत्तेचाळिशीची बाई. खऱ्या बाईचे दात कधी एकसारखे नसतात, हे तिला आजवर कुणीही चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं. बरं वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हिरडी अजून टोचतेय. आणि ते खरंच होतं, ज्या कामासाठी आली होती ते राहूनच गेलं होतं. डॉक्टरांनी मुकाट्याने कवळी मागितली, आतल्या बाजूने डावीकडे दोनदा घासली आणि परत दिली. त्या वेळी त्यांनी दातांना बोटही लावलं नाही, कडेने धरली.

बाहेरच्या टेबलावरच्या बाईने दारातून डोकं आत घातलं. "यांच्या कागदावर काय लिहू, डॉक्टर?"

"दाब काढला, लिही."

"आणि दात?"

डॉक्टर हात धूत होते. साबण नीट लावून झाला, पाणी सोडलं, पंचा घेतला.

"दातांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पुढच्याला पाठव."